स्त्रीचे आरोग्य आणि घराची तजवीज

छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यात शंभरांपैकी ९२ स्त्रियांना स्त्रीरोगाचा एखादा तरी विकार होता, त्या विकारांपैकी निम्मे जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे होते, आणि पूर्वी कधीकाळी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र शंभरांत जेमतेम आठ होत्या. हा खेड्यापाड्यांचा प्रश्न आहे असे म्हणून भिलाईसारख्या पोलादनगरीतील सुशिक्षित मराठी कुटुंबांनी निश्चिंत राहू नये. कारण घरात नळाचे पाणी आले आणि सेक्टर ९ मध्ये मोठे रुग्णालय उभे राहिले, तरी अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार सासूपाशी, नवऱ्यापाशी किंवा डॉक्टरपाशी करण्याचा संकोच तेवढ्याने नाहीसा होत नाही.

या संकोचातून जो घरगुती इलाज निघतो, तो पुष्कळदा रोगाहून अनिष्ट ठरतो. योनिमार्गात उपकारक जंतूंची स्वाभाविक वस्ती असते, हे जर्मन वैद्य आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्येच दाखवून दिले होते. हे जंतू दुग्धाम्ल निर्माण करून तेथील आम्लता राखतात आणि तीच आम्लता उपद्रवी जंतूंना थोपवून धरते. म्हणून सुगंधी साबणाने, जंतुनाशक द्रवाने किंवा पिचकारीने आतून धुणारी स्त्री निर्मळ होण्याच्या सद्हेतूने आपल्याच शरीराचा बंदोबस्त मोडून टाकते. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवावा, पुढून मागे पुसावा आणि कोरडा ठेवावा, एवढे पुरेसे आहे.

भिलाईच्या मे महिन्यात, घामाने कपडे अंगाला चिकटून राहतात तेव्हा, या कोरडेपणाचे महत्त्व विशेष. ऊब आणि ओल मिळाली की बुरशी वाढते. सैल सुती अंतर्वस्त्रे, घामाने भिजल्यावर ती बदलणे, पाळीतील पॅड चार ते सहा तासांनी बदलणे, आणि कापड वापरत असल्यास ते साबणाने धुऊन अंधाऱ्या कोपऱ्यात नव्हे तर कडक उन्हात वाळवणे, या सवयी अल्पखर्चाच्या आहेत. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी आणि मनानेच प्रतिजैविके घेऊ नयेत. वाढलेली साखर आणि मनाने घेतलेली प्रतिजैविके, दोन्ही बुरशीला वाट करून देतात.

परंतु या सवयी अंगी बाणवण्याची सारी जबाबदारी एकट्या स्त्रीवर टाकणे अन्यायाचे आहे. इमारतीच्या कामावर दिवसभर विटा वाहणाऱ्या रेजेला, म्हणजे मजूर स्त्रीला, ठेकेदाराने कडीकोयंड्याचे शौचालय, पाणी आणि पॅड टाकण्याची जागा दिली नसेल, तर चार तासांचा नियम कोणत्या तोंडाने सांगावा? ज्या घरात पाळीचे कापड दोरीवर दिसणे ही नामुष्की मानली जाते, तेथे उन्हाचा उपदेश व्यर्थ आहे. आणि ट्रायकोमोनाससारखा संसर्ग शरीरसंबंधातून पसरत असल्यामुळे, पत्नीने औषध घेतले आणि पतीने नाकारले, तर तो पुन्हा उद्भवतो. अशा संसर्गापासून निरोध संरक्षण देतो, आणि तो वापरण्याचे कर्तव्य पुरुषाचे आहे.

थोडा, पातळ, दुर्गंधरहित स्राव हा निरोगी शरीराचा धर्म आहे. त्याला भिण्याचे कारण नाही. मात्र स्राव दह्यासारखा, हिरवट-पिवळा किंवा दुर्गंधीयुक्त झाला, खाज वा जळजळ सुरू झाली, ओटीपोटात दुखू लागले किंवा ताप आला, तर दुकानातून मलम न आणता त्वरित तपासणी करून घ्यावी. गर्भवतीने तर एक दिवसही दवडू नये. घरातील कर्त्या माणसांनी तिला ही तपासणी मागावी लागू नये अशी तजवीज करावी, आणि कामावर बायका ठेवणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराकडून शौचालयाचा हिशेब मजुरीच्या हिशेबाइतक्याच काटेकोरपणे मागितला जावा.