स्कूटरवर लांब जाताय? थांबत थांबत जा!

लग्नसराई आली, की आमच्या दवाखान्यात दोन तक्रारी हमखास वाढतात. पुरुषांची कंबरदुखी आणि स्त्रियांची लघवीची जळजळ. खोदून विचारले, की कळते, दोन-चार दिवसांपूर्वी स्कूटरवरून सोलापूर-पंढरपूर आणि त्याच दिवशी परत, असा सुमारे १४० किलोमीटरचा प्रवास झालेला असतो. ‘वाटेत कुठेही थांबलो नाही’ हे गृहस्थ मोठ्या अभिमानाने सांगतात. माझे मत स्पष्ट आहे. न थांबणे हा पराक्रम नव्हे. ती स्वतःच्या आणि मागे बसणाऱ्याच्या शरीराची आबाळ आहे.

स्कूटरची चाके लहान, बहुधा दहा किंवा बारा इंची. मोटारसायकलच्या मोठ्या चाकांपेक्षा ती खड्ड्यात जास्त आदळतात. तो हादरा सीटमधून कमरेच्या मणक्यांपर्यंत पोहोचतो. एकाच बैठकीत स्नायू थकले, की मणक्यांमधील चकत्यांवर ताण येतो. मागची बाई एका बाजूला पाय सोडून बसली असेल, तर तिची कंबर सारा वेळ पिळलेली राहते. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे केव्हाही चांगले.

याहून मोठा प्रश्न पाण्याचा. वाटेत स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते, म्हणून अनेक बायका सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्यात वरून ऊन. घाम वाऱ्याने लगेच वाळतो आणि अंगातले पाणी किती गेले ते कळत नाही. लघवी कमी होते, तुंबून राहते आणि जंतूंचे फावते. मूतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांना तर हे फारच बाधते. मागे बसणाऱ्याने ‘थांबा’ म्हणायचे नसते, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. तो मोडलाच पाहिजे.

तिसरी गोष्ट डुलकीची. लग्नाचे जेवण करून दुपारी दोन-तीनच्या सुमारास परत निघाले, की डोळे जड होतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने स्कूटर सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला, तर चाळीस मीटर रस्ता आंधळेपणाने कापला जातो!

वाचकहो, उपाय साधे आहेत. दर तासाला दहा मिनिटे थांबा. खाली उतरून चाला, कंबर मोकळी करा, पाणी प्या. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृहाची चौकशी करायला लाजू नका. झोप येऊ लागली, तर झाडाखाली वीस मिनिटे पडा. हेल्मेट दोघांनीही घाला. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने ते सक्तीचे आहे. लघवीला जळजळ होऊन थंडी-ताप आला, तर घरगुती उपचारात दिवस न घालवता डॉक्टरांना दाखवा.

हा थांबण्याचा वेळ निघण्यापूर्वीच हिशेबात धरा आणि अर्धा तास लवकर निघा. तरी उशीर झालाच, तर फार तर अक्षता चुकतील. जेवणाची पंगत काही चुकत नाही!