पिल्लाचा भाव आणि मांसाचा भाव

लातूर-नांदेडकडचा एखादा पशुपालक दवाखान्यात येऊन ‘डॉक्टर, शहामृग परवडेल का?’ असे विचारील, तेव्हा त्याला पक्ष्याचे गुण सांगण्याची घाई करू नका. गुण आहेतच. एकोणिसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेत संकर आणि निवड करून घडवलेली ‘आफ्रिकन ब्लॅक’ ही जात इतर शहामृगांहून ठेंगणी, स्वभावाने शांत आणि अंड्यांना सरस. पण ती घडवली गेली पिसांसाठी. युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवर पिसे मिरवत होती तोवर दक्षिण आफ्रिकेतल्या औड्सहूर्नच्या शहामृगवाल्यांनी महाल बांधले. १९१४च्या सुमारास तो बाजार कोसळला. कातडी आणि मांसाच्या जोरावर धंदा सावरायला पुढे काही दशके लागली.

आपल्याकडे हाच फटका इमूने दिला. तेल, कातडी, मांस, पिसे, सगळ्याला मागणी आहे असे सांगितले जाई. प्रत्यक्षात विकली जात होती पिल्ले आणि जोड्या. जुन्या इमूपालकाची पिल्ले नवा इमूपालक घेई, आणि त्या किमतीलाच सारे बाजारभाव समजत. मांस खाणारे गिऱ्हाईक जवळपास नव्हतेच. ऑगस्ट २०१२मध्ये तामिळनाडूत इरोड जिल्ह्यातल्या सुसी इमू फार्म्सचा डोलारा कोसळला. नवे घेणारे आटले आणि पिल्ले मातीमोल झाली. चाळीस-पन्नास किलोचा पक्षी मात्र रोज खायला मागतो. खाद्य परवडेना तेव्हा कित्येकांनी पक्षी मोकाट सोडले.

इमू तसा काटक पक्षी. हा धंदा रोगाने बुडाला नाही. म्हणूनच लसीकरण आणि उबवणीपुरता आपला सल्ला अपुरा पडतो. उस्मानाबादी बोकड आठवडी बाजारात आणला की खाटीक त्याचे वजन हाताने जोखतो आणि मांसाचा हिशेब करून पैसे मोजतो. पाटीचा भावही अखेर त्याच पैशावर उभा असतो. शेळी अनेकदा जुळी देते हा तिचा गुण खराच, पण मराठवाड्यात ती दुष्काळातही विकली जाते ती या खाटकामुळे.

शहामृगाचे मांस कोण घेणार, हे आधी विचारा. जवळ कोणता कत्तलखाना हा पक्षी घेतो? कातडे कोण कमावणार? परतखरेदीचा करार दाखवणाऱ्या कंपनीकडे गेल्या वर्षीच्या मांसविक्रीची बिले मागायला सांगा. बिले फक्त पिल्लांचीच निघाली, तर शेडचा पाया खणण्याआधीच त्याला थांबवा.