कात्री आणि धोटा

फॅशन व वस्त्ररचनेचे शिक्षण देणाऱ्या संस्था आता नागपुरातही रुजल्या आहेत. तेथील विद्यार्थ्याचा प्रकल्प ठरावीक पायऱ्यांनी पुढे सरकतो. प्रथम विषयाची निवड, मग संशोधन, चित्रे आणि कापडाचे तुकडे चिकटवून केलेला प्रेरणाफलक, रंगसंगती, रेखाटने, कागदी साचा, मांजरपाटावर शिवलेला कच्चा नमुना आणि अखेरीस अंगावर चढणारा पोशाख. या क्रमात कष्ट आहेत, कल्पकता आहे. श्रीमंतांचा छंद म्हणून त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. प्रश्न निराळाच आहे. ज्या कापडावर हा सारा डोलारा उभा राहतो ते विणणारा माणूस या क्रमात कोठे असतो? बहुधा पहिल्या पायरीवर. संशोधनाच्या प्रकरणात त्याचे छायाचित्र असते. पोशाखाच्या किमतीत त्याचा वाटा नसतो.

नागपूरला हा प्रश्न परका नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिच्या आधीपासून कोष्टी आणि मोमीन विणकरांचे माग या शहरात चालत होते, आणि तिच्या भोंग्याच्या आवाजातही ते चालत राहिले. गिरणी २००२ मध्ये कायमची बंद पडली. आज त्या जागेवर मॉल उभा आहे. गोळीबार चौक, पाचपावली, तांडापेठ, मोमीनपुरा या वस्त्यांतला हातमागही ओसरत गेला. ज्या शहराने देशाला कापड पुरविले, त्या शहरात कापड विणणारा कमी होत आहे आणि कापडावर प्रकल्प लिहिणारा वाढत आहे. ही विसंगती समजून घेतली पाहिजे.

विद्यार्थ्यांच्या आवडीचा एक विषय म्हणजे विदर्भाची करवतकाठी. तिच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते, म्हणून हे नाव. अंग कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, काठ सुताचा. दोन्ही काठांना दोन आणि अंगाला एक असे तीन धोटे चालवून, काठाचा आणि अंगाचा बाणा एकमेकांत गुंतवीत हे वस्त्र विणले जाते. या कामात घाई चालत नाही. त्यामागे आणखी हात आहेत. भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर धीवर कुटुंबे कोसा पिकवितात. पाखरांपासून आणि मुंग्यांपासून अळ्या राखतात. कोसा उकळून त्याचा धागा काढण्याचे काम पिढ्यान् पिढ्या बायकांनी केले, तेही उघड्या मांडीवर धागा वळून, कातडी सोलवटेपर्यंत. ही पद्धत संपविण्यासाठी केंद्र शासनाने 'बुनियाद' हे यंत्र पुढे आणले. करवतकाठीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकन नावाचे रक्षण करते. मजुरी वाढविण्याचे कलम त्यात नाही.

आता या वस्त्राचा प्रकल्पात कसा उपयोग होतो ते पाहावे. सोपा मार्ग असा की, दुकानातून एक साडी आणायची आणि तिला कात्री लावायची. काठ कापून बाहीला, पदर कापून पाठीला. पोशाख देखणा होतो, गुण मिळतात. परंतु लुगडे हे मुळात पूर्ण वस्त्र आहे. काठ, अंग आणि पदर यांचे माप विणकराने मागावरच ठरविलेले असते. ते माप मोडून उरलेल्या तुकड्यांवर रचनाकाराचे नाव लागते, आणि विणकराच्या पदरात पडते ती एका साडीची मजुरी. दुसरा मार्ग कष्टाचा आहे. विद्यार्थ्याने मागाजवळ बसावे, ताण्याची रुंदी, फणी आणि धोट्याची चाल समजून घ्यावी, आणि पोशाखाच्या मापानेच काठ कोठे यावा हे विणकराबरोबर ठरवावे. मग कापड कमी वाया जाते, नवा नमुना मागावर राहतो आणि त्याची मागणी विणकराकडे पुन्हा येऊ शकते. पहिल्या मार्गात विणकर कच्चा माल ठरतो, दुसऱ्यात सहकारी.

हा केवळ सौजन्याचा मुद्दा नव्हे. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशातील हातमाग कामगारांची संख्या ३५ लाखांहून अधिक भरली. विणकरांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. विणकर कुटुंबांपैकी सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत असल्याचे त्याच गणनेने नोंदविले. आणि २०२० च्या जुलैमध्ये केंद्र शासनाने अखिल भारतीय हातमाग मंडळच विसर्जित केले. १९८५ च्या कायद्याने हातमागासाठी २२ वस्त्रप्रकार राखून ठेवले होते. १९९६ मध्ये ते ११ वर आणले गेले. ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन साजरा होतो, त्या दिवशी भाषणांना तोटा नसतो.

कोणी म्हणेल, विद्यार्थी विशीतला, त्याच्या खिशात पैसे नाहीत; शतकांच्या अन्यायाचे ओझे त्याच्यावर का टाकावे? आक्षेप रास्त आहे. दोष विद्यार्थ्याचा नाही, अभ्यासक्रमाचा आहे. जो अभ्यासक्रम पोशाखाला गुण देतो आणि मजुरीचा हिशेब विचारत नाही, तो विद्यार्थ्याला श्रम न पाहण्याचेच शिक्षण देतो. दुसरा आक्षेप असा की, नव्या फॅशनखेरीज हातमाग जगणार नाही. तेही खरे. विणकराला नवी रचना हवी आहे. त्याला वस्तुसंग्रहालयात बसवून कोणाचे भले होणार नाही. म्हणूनच रचना आणि माग यांचा संबंध ग्राहक-विक्रेत्याचा न राहता भागीदारीचा व्हावा.

त्यासाठी मागण्या साध्या आहेत. प्रत्येक प्रकल्पाच्या वहीत विणकराचे नाव त्याच्या संमतीने यावे; कापडाला किती दिवस लागले आणि मजुरी किती दिली, हे रेखाटनांच्या शेजारी लिहिले जावे. नवा नमुना विकला गेला तर त्याच्या किमतीत विणकराचा हिस्सा असावा. नागपुरातच विणकर सेवा केंद्र आहे, राज्य हातमाग महामंडळाचे मुख्यालय आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना मागापर्यंत नेण्याची आणि विणकराला त्या वेळेचा मेहनताना देण्याची जबाबदारी उचलावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या शिक्षणाचे दार विणकरांच्या मुलामुलींना उघडावे. नामांकित संस्थांचे शुल्क लाखांच्या घरात आहे. ज्या घरात धोट्याचा आवाज ऐकत मूल वाढते, त्याच घराला ते दार बंद असावे, यापरता उलटा न्याय नाही.

विदर्भातील कार्यकर्त्यांनी हा प्रश्न महाविद्यालयांच्या आवारात न्यावा, तसाच विणकरांच्या सहकारी संस्थांच्या सभांतही मांडावा. विद्यार्थी आणि विणकर एकाच मागणीपत्रावर सह्या करू शकतात, कारण दोघांचेही हित एकाच कापडात गुंतले आहे. ज्याने वस्त्र विणले त्याच्या अंगावरही धड वस्त्र असावे, ही मागणी जुनी आहे. अजून ती पुरी झालेली नाही.