गाडीची कांती आणि मागची सीट

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, विषय आवडीचा घ्यावा, मात्र दरवर्षीप्रमाणे लसीकरणावर नको, अशी गोड ताकीद संपादक मंडळाने मला या वेळी दिली. ताकीद रास्तच आहे. तेव्हा आज मी मोटारगाडीच्या रंगाविषयी लिहिणार आहे. बालरोगतज्ज्ञाने गाडीच्या रंगावर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. परंतु आपल्या कोणत्याही संमेलनात भोजनाच्या वेळी डॉक्टर मंडळी घोळका करून काय बोलत असतात, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना नवल वाटणार नाही.

२०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर मी नवी गाडी घेतली. गडद निळा रंग. गाडी घरी येऊन आठवडा झाला नाही तोच तीन सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे विचारले, “सिरॅमिक कोटिंग केले की नाही?” प्रश्नाचा सूर असा, की जणू मी नवजात बाळाला बीसीजी न देताच घरी पाठवले आहे. मी मुकाट्याने डिटेलिंगच्या दुकानात गेलो. तेथील तरुण मालकाने खास इंदुरी थाटात सांगितले, “भिया, नाइन-एच है, पाँच साल देखना नहीं पड़ेगा.” अठ्ठावीस हजार रुपये ठरले.

आपण वैद्यकीय प्रतिनिधींच्या रंगीत पुस्तिका पाहून मुरलेली माणसे. दावा ऐकला की पुरावा विचारण्याची सवय हाडीमांसी खिळलेली. म्हणून थोडे वाचन केले, आणि दोन दिवस त्या दुकानात बसून काम पाहिले. जे समजले ते सांगतो.

कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचे अनेक थर असतात. गंज रोखणारा थर, त्यावर प्राइमर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही पातळ. गाडीची सारी झळाळी या एका पातळ पापुद्र्यावर अवलंबून असते. माळव्यातील काळ्या मातीची धूळ, पक्ष्यांची आम्लयुक्त विष्ठा, उन्हाळ्यात झाडांवरून ठिबकणारा चिकट रस, आणि रंगपंचमीच्या दिवशी राजवाड्याच्या बाजूला गाडी नेण्याचे धाडस केलेच तर गेरेतील गुलाल, या साऱ्यांचा मारा त्याच्यावर होतो. परंतु सर्वांत मोठा शत्रू वेगळाच. तो म्हणजे रोज पहाटे कोरड्या फडक्याने धूळ ‘झटकणारा’ आपला माणूस. धुळीत वाळूचे कण असतात आणि फडके त्यांना रंगावरून फरफटत नेते. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या बारीक गोल रेघा दिसतात, त्या आपल्या या स्वच्छतेच्या आवडीतून आलेल्या असतात.

कोटिंग म्हणजे सिलिकॉनची संयुगे मिसळलेला द्राव. तो हवेतील आर्द्रतेशी संयोग पावून काचेच्या जातीचा कठीण, पारदर्शक थर तयार करतो. जाडी एक-दोन मायक्रॉनच्या आसपास. पण तो लावणे हे कामातले शेवटचे पाऊल असते. खरे श्रम त्याआधीचे. गाडी धुणे, रंगात रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणे (त्या वेळी गाडीवरून जांभळे ओघळ येतात, पाहण्यासारखे असतात), मातीच्या विशिष्ट वडीने पृष्ठभाग घासून गुळगुळीत करणे, यंत्राने पॉलिश करून रेघा काढणे, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा घालवणे. इंजेक्शनपूर्वी आपण जे करतो तेच! मग स्पंजाच्या ठोकळ्याला मऊ कापड गुंडाळून, वीतभर चौकोन घेत तो द्राव आडवा-उभा लावतात. क्षणभरात त्यावर इंद्रधनुष्यासारखी छटा उमटते. ती दिसताच पुसावे लागते. उशीर झाला तर तेथे डाग कायमचा. काम करणारा मुलगा कुशल होता. मात्र त्याच्या हातांत मोजे नव्हते, तोंडावर मास्क नव्हता आणि खोली बंद होती. मी मालकाला त्याविषयी बोललो. तो हसला. दुसऱ्या दिवशी मोजे दिसले, मास्क दिसला नाही.

आता ‘नाइन-एच’विषयी. हे माप पेन्सिलीचे आहे. ठरावीक दाबाने वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली पृष्ठभागावर ओढून पाहतात. सर्वांत कठीण पेन्सिलीनेही ओरखडा आला नाही तर ९एच म्हणायचे. ऐकणाऱ्याला मात्र हिऱ्याच्या दहाच्या खालचे नऊ असे वाटते, आणि विकणारा तो गैरसमज दूर करत नाही. रस्त्यावरच्या धुळीतील क्वार्ट्झचा कण कोणत्याही पेन्सिलीहून कठीण असतो. तेव्हा कोटिंग केले म्हणजे गाडीला ओरखडा पडणार नाही, हे खरे नव्हे. ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा तर या थराला जुमानतच नाही. त्यासाठी दीडशे मायक्रॉन वा त्याहून जाड पारदर्शक फिल्म लागते, आणि तिचा खर्च कित्येक पट. शिवाय दरवेळी यंत्राने पॉलिश केले की क्लिअर कोटचे काही मायक्रॉन कायमचे जातात. वर्षातून दोनदा ‘चमकवून’ घेणारे आपले काही मित्र वस्तुतः गाडीची त्वचा सोलून घेत आहेत.

मग उपयोग काहीच नाही का? आहे. कमळाच्या पानावर पाणी जसे थेंब होऊन घरंगळते तसे या पृष्ठभागावर होते. मळ चिकटून बसत नाही, विष्ठा वेळीच पुसली तर खूण राहत नाही, गाडी कमी पाण्यात धुता येते. मेणाचे पॉलिश काही आठवडे टिकते, हे काही वर्षे. पण त्यालाही एक मेख आहे. आपल्याकडील बोअरवेलचे पाणी जड. त्याचे गोल थेंब उन्हात जागच्या जागी वाळले, की प्रत्येक थेंबाची क्षारांची पांढरी कडी उमटते, आणि कोटिंग केलेल्या गाडीवर ती अधिकच उठून दिसते. म्हणून गाडी सावलीत धुवावी, लगेच टिपून घ्यावी, घासू नये. आणि नर्मदेच्या पाण्याने नळी लावून रोज धुणाऱ्यांना एवढेच सांगतो, की १९७८ मध्ये जलूदहून विंध्याचा चढ चढून ते पाणी इंदूरला आले ते बोनेटसाठी नव्हे. माझे मत विचाराल तर, गडद रंगाची नवी गाडी असेल, ती उघड्यावर उभी राहत असेल आणि पाच-सात वर्षे ठेवायची असेल, तर कोटिंग करून घ्यावे. नाहीतर वर्षातून तीन-चार वेळा घरीच चांगले मेण लावावे. माझे वडील आपल्या बजाज स्कूटरला दर दिवाळीत लावत असत, तसे.

दुकानदाराने गाडी देताना हाती एक छापील पत्रक ठेवले. सात दिवस धुवू नका. कोरडे पुसू नका. साबण सौम्य वापरा. मी ते वाचले आणि मनाशी हसलो. बाळ जन्मते तेव्हा त्याच्या अंगावर लोण्यासारखा पांढरा थर असतो, त्याला आपण ‘व्हर्निक्स’ म्हणतो. लॅटिनमध्ये व्हर्निक्स म्हणजे चक्क व्हार्निश! निसर्गाने दिलेले हे कोटिंग त्वचा ओलसर ठेवते आणि जंतूंना अटकाव करते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळाची पहिली अंघोळ जन्मानंतर २४ तास तरी लांबवावी. आणि आपल्या घरी? डाळीच्या पिठाने खसाखसा चोळून तो थर पहिल्याच दिवशी काढणाऱ्या आज्या मी तीस वर्षे पाहत आलो आहे. मी समजावतो, त्या मान डोलावतात, आणि घरी जाऊन पीठ भिजवतात. गाडीच्या पत्रकाचे मात्र आम्ही तंतोतंत पालन केले.

येथवर लेख हलकाफुलका झाला. आता ज्यासाठी लेखणी उचलली ते लिहितो. लिहिताना संकोच होतो.

त्याच दिवाळीत कन्या पुण्याहून आली. नातू तेव्हा पावणेदोन वर्षांचा. गाडी पाहून तिने पहिला प्रश्न विचारला, “बाबा, याची सीट कुठे आहे?” मी म्हणालो, “अगं, गावातल्या गावात कशाला? आजीच्या मांडीवर बसेल.” ती काही बोलली नाही. भाऊबीजेच्या संध्याकाळी अन्नपूर्णा रस्त्याने आम्ही नातलगांकडे निघालो होतो. वेग तीस-पस्तीसपेक्षा अधिक नसेल. गल्लीतून एक मोटारसायकल एकाएकी आडवी आली. मी करकचून ब्रेक दाबला. धडक बसली की नाही हे त्या क्षणी कळले नाही. मागे एक बोथट आवाज झाला, आणि मग नातवाचे रडणे.

मी काय केले? मी दार उघडून खाली उतरलो आणि गाडीच्या पुढच्या भागावर ओरखडा पडला का ते पाहिले. दोन-तीन सेकंदच, पण पाहिले. मग मागचे दार उघडले. सौ.च्या घट्ट धरलेल्या हातांतून सुटून बाळ पुढच्या सीटच्या पाठीवर आपटले होते. वरचा ओठ फाटला होता, पुढचा एक दुधाचा दात हलत होता. दोन टाके पडले, दात पुढे काळवंडला. याहून अधिक काही झाले नाही. मोटारसायकलवाल्याला स्पर्शही झाला नव्हता. गाडीवर एकही ओरखडा नव्हता. कन्येने मला त्याबद्दल आजवर एक शब्दही ऐकवलेला नाही, आणि तेच मला अधिक लागते.

आकडेमोड शाळेतल्या मुलालाही जमेल अशी आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. धडकेत गाडी एक दशांश सेकंदात थांबली तर आतील प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे चौदा पट जोर येतो. १२ किलोच्या बाळाचा भार क्षणभर १७० किलोंचा होतो. कोणत्या आजीच्या, कोणत्या पैलवानाच्या हातांनी तो धरून ठेवावा? मांडी ही जगातील सर्वांत मायेची जागा आहे. गाडीत मात्र ती सुरक्षित नाही. पुढच्या सीटवर मांडीवर बाळ घेऊन बसणे तर त्याहून वाईट, कारण मोठ्यांना वाचवणारी एअरबॅग बाळाच्या डोक्यावरच उघडते.

कायद्याचे म्हणाल तर तो २०१९ पासून आहे. मोटार वाहन कायद्यातील त्या वर्षीच्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मूल सीट बेल्टने किंवा चाइल्ड सीटमध्ये बांधलेले नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. तो भरलेला माणूस मला अद्याप भेटायचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा मागच्या सीटवरील बेल्टविषयी देशभर चर्चा झाली. महिनाभराने ती ओसरली. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ चाचणीत गाड्यांना मुलांच्या सुरक्षिततेसाठी वेगळे तारे मिळतात. शोरूममध्ये आपण ते तारे अभिमानाने विचारतो. पण ती चाचणी चाइल्ड सीटमध्ये बांधलेल्या बाहुल्यांवर होते, आजीच्या मांडीवरच्या नव्हे.

आणि आपण डॉक्टर? मी स्वतः तीस वर्षे बाह्यरुग्ण विभागात वजन, उंची, लसींचे कार्ड, स्तनपान, सारे विचारत आलो. “बाळाला आज कसे आणले? गाडीत ते कोठे बसले होते?” हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. माझ्या ऐकण्यात तरी दुसऱ्या कोणी विचारलेला नाही. प्रसूतिगृहातून तीन दिवसांचे बाळ घरी निघते तेव्हा पेढे असतात, औक्षण असते, कपाळावर काजळाची तीट असते. आणि ते पुढच्या सीटवर काकूच्या मांडीवर बसून निघते. आपण दारात उभे राहून हात हलवतो.

एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. माझ्याकडे येणारी बहुसंख्य मुले चारचाकीतून येत नाहीत. ती वडिलांच्या दुचाकीवर, आईवडिलांच्या मधोमध दाबून बसवून येतात. त्यांच्यासाठीही नियम झाला आहे: फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट आवश्यक, वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नको. हा पट्टा चाइल्ड सीटच्या तुलनेत फार स्वस्त असतो. तोही कोणी घेत नाही, कारण तो असतो हेच कोणी सांगितलेले नसते. सांगण्याचे काम कोणाचे?

चाइल्ड सीट महाग पडते, वर्षा-दीड वर्षात लहान होते, ही पालकांची तक्रार खोटी नाही. मात्र आम्ही त्याच आठवड्यात घेतलेली सीट कोटिंगच्या निम्म्या किमतीतही नव्हती. निदान दोन वर्षांपर्यंत, आणि सीटची मर्यादा परवानगी देईल तोवर पुढेही, बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असावे. म्हणजे धक्क्याचा जोर मानेवर न येता पूर्ण पाठीवर पसरतो. आमचा नातू पहिले दोन दिवस रडला. तिसऱ्या दिवशी झोपला. आता त्याच्या नव्या मोठ्या सीटचा पट्टा लावल्याशिवाय तो मला किल्ली फिरवू देत नाही.

आपल्या समाजात व्हीलचेअर, वॉकर, हवेची गादी असे रुग्णोपयोगी साहित्य गरजूंना वापरायला देण्याची पद्धत जुनी आहे. आजोबांसाठी आपण ही सोय केली, नातवासाठी नाही. त्याच कपाटाशेजारी तान्ह्या बाळांच्या चार-सहा सीट आणि दुचाकीचे दहा-बारा पट्टे ठेवता येतील. अनामत रक्कम घ्यावी, परत आल्यावर ती द्यावी. अपघातात सापडलेली वा मुदत संपलेली सीट पुन्हा कोणाला देऊ नये, एवढे पथ्य कटाक्षाने पाळावे लागेल. सीट नीट बसवून दाखवायला अर्धा तास लागतो. ते काम आठवड्यातून एक संध्याकाळ मी करीन. स्त्रीरोगतज्ज्ञ सहकाऱ्यांनी नववा महिना लागताच कुटुंबाच्या कानावर ही गोष्ट घालावी.

कार्यकारिणीच्या येत्या सभेत मी हा प्रस्ताव लेखी मांडणार आहे. पहिल्या दोन सीटचा खर्च माझ्याकडे. कोटिंगच्या हमीपत्रानुसार दरवर्षी गाडी दाखवून ‘मेंटेनन्स’ करून घ्यायचे असते. त्याचे पैसे मी यंदा तिकडे वळवले आहेत. गाडीवर थोड्या पांढऱ्या कड्या उमटल्या आहेत. संमेलनाच्या दिवशी वाहनतळात पाहायला मिळतील.