व्हिसाची झेरॉक्स कशासाठी?

सेनगाव, हिंगोली, रिसोड भागातल्या आपल्या ट्रॅव्हल एजंट सभासदांच्या तक्रारी यंदा आरटीओच्या एकाच खिडकीपाशी येऊन अडकल्या आहेत. मोटारींच्या ड्रिफ्ट स्पर्धा पाहायला जपानला निघालेल्या गिऱ्हाइकाचा इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटचा अर्ज तिथून परत येतो आणि कारण एकच सांगितले जाते : ‘आधी व्हिसाची झेरॉक्स जोडा.’

केंद्रीय परिवहन मंत्रालयाने जानेवारी २०२१ मध्येच ही अट काढली. कितीतरी देश पोहोचल्यावर व्हिसा देतात, मग आधी तो आणायचा कुठून, हे मंत्रालयाला कळले. वैध लायसन असेल तर वेगळे वैद्यकीय प्रमाणपत्रही तेव्हापासून लागत नाही. तरी त्या कार्यालयात जुनी यादी अजून भिंतीवर चिकटवलेली आहे आणि बाबू फॉर्म ४-अ न वाचता तिच्याकडे बोट दाखवतो. त्यात जपानने एप्रिल २०२४ पासून भारतीय पर्यटकांना ई-व्हिसा सुरू केला. पासपोर्टवर स्टिकर नाही, पानावर शिक्का नाही. विमानतळावरही तो मोबाइलवर ऑनलाइन उघडूनच दाखवायचा. प्रिंट चालत नाही. जपान सरकार ज्याची प्रिंट मानत नाही, त्याची झेरॉक्स आमच्या माणसाने खिडकीवर द्यायची!

परमिट नसले तर काय बिघडते, असे विचारणारे आपल्यातही आहेत. ड्रिफ्ट स्पर्धा होतात ते एबिसू सर्किट फुकुशिमा प्रांतात निहोनमात्सुजवळच्या डोंगरात आहे. टोकियोहून कोरियामापर्यंत शिन्कान्सेन, पुढे लोकल. पण स्टेशन ते सर्किट हा टप्पा भाड्याच्या गाडीशिवाय जिकिरीचा. एकेका गाडीच्या सोलो फेऱ्या आणि दोन गाड्यांच्या टँडम लढती वेगवेगळ्या दिवशी असल्या, तर हा हेलपाटा दोनदा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे आपली पोरे गाडी आरामात चालवतील. पण १९४९ च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक करारानुसारची परमिटची पुस्तिका हातात नसेल, तर भाड्याचा काउंटर किल्ली देत नाही. आपले स्मार्ट कार्ड लायसन तिथे चालत नाही.

आणि आपले काही सभासद? ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणत टोकियो-क्योटोचे तयार पॅकेज गळ्यात मारतात. ज्याने सोयाबीनचे पैसे बाजूला टाकून टायरचा धूर जवळून पाहायचे ठरवले, त्याला तुम्ही देवळे दाखवून परत आणता. हे बंद करा.

स्पर्धेची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात परमिटचा अर्ज टाका. व्हिसाची वाट पाहू नका. परमिट एक वर्ष चालते, शुल्क हजार रुपये. अर्जासोबत २०२१ च्या अधिसूचनेची प्रत जोडा. नकार मिळाला तर लेखी मागा, तोंडी ऐकून परत फिरू नका. त्या लेखी नकाराची प्रत, अर्ज क्रमांकासह, या महिनाअखेर आमच्याकडे पाठवा. सगळ्या प्रती एकत्र करून आम्ही परिवहन आयुक्तांपुढे मांडणार आहोत, आणि त्या दिवशी तुम्हीही सोबत हवे आहात.