खांद्याचे ओझे, पाठीचा बाक

साताऱ्याहून कराड, पेठनाका करीत सांगलीला येणारा रस्ता आपल्या व्यापारी घरांतील तरुणांच्या नित्य वहिवाटीचा आहे. वसुलीसाठी दुचाकीवर निघालेला मुलगा घसरतो, खांद्यावर आपटतो. कधी हाडही मोडत नाही, पण हात लुळा पडतो. मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेल्याने, मानेतून हाताकडे जाणाऱ्या पाच मज्जातंतूमुळांचे जाळे ताणले किंवा तुटलेले असते. वैद्यकात या जाळ्यास ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात.

काही महिन्यांनी घरच्यांना वेगळीच चिंता लागते. मुलगा गादीवर एका अंगाला कलून बसतो. खांदा वर, मान पुढे. ‘सरळ बस’ असे वडीलधारे पुन्हा पुन्हा बजावतात. वाचकहो, तो आळसाने वाकलेला नसतो.

तराजूचेच उदाहरण घेऊ. ६० किलो वजनाच्या माणसाचा एक हात सुमारे ३ किलोंचा असतो. निरोगी खांद्याचे स्नायू हे ओझे नकळत पेलतात. ते निकामी झाले की हात उथळ खोबणीतून खाली ओढला जातो. मग मानेचे स्नायू तो उचलू पाहतात आणि धड कलून तोल साधते. हा बाक अंगवळणी पडला की मान व कंबर दुखू लागते. सारी कामे करणारा दुसरा खांदाही शिणतो. म्हणून पाठीला दटावण्याआधी हाताला आधार द्यावा.

बसताना कोपराखाली लोड किंवा उशी अशा उंचीची असावी, की खांदा वर चढणार नाही आणि खाली लोंबणारही नाही. सामायिकासाठी ४८ मिनिटे बसतानाही हात मांडीवरील उशीवर टेकवावा. चालताना झोळी बांधावी. मात्र तिचा सारा भार मानेवर येऊ देऊ नये आणि ती दिवसभर ठेवू नये, अन्यथा कोपर आखडते. निजताना हाताखाली उशी घ्यावी. सांधे आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे चांगल्या हाताने दुखरा हात रोज हळुवार हलवावा. आरशासमोर बसून दोन्ही खांदे समपातळीत आणण्याचा सराव करावा. त्या हाताला धरून कोणी ओढून उठवू नये. बधिर कातडीला चटका कळत नाही; शेक देणे टाळावे.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नये. तुटलेला मज्जातंतू वाढतो तो दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने. तोवर स्नायू सुकत जातात. ‘होईल हळूहळू’ म्हणत बसण्यात मोलाचा काळ निघून जातो. म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच तज्ज्ञांना दाखवावे. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या वॉनलेस रुग्णालयापासून वैद्यकसेवेची परंपरा लाभलेली मिरज सांगलीच्या शेजारीच आहे. तीन महिन्यांत हालचाल परतू लागली नाही, तर मज्जातंतूंच्या शस्त्रक्रियेविषयी सल्ला घ्यावा. सहा महिन्यांच्या आत ती झाल्यास लाभाची आशा अधिक असते.

तोवर पेढीवर त्याची जागा मोकळी ठेवावी आणि त्या जागी कोपराखाली घ्यायला एक लोड अधिक ठेवावा. आधार मिळालेला हात पाठीला सरळ राहू देतो. आणि कामात असलेला मुलगा मनानेही वाकत नाही.