तारीख पाकिटावर, तोटा कुणाच्या खिशाला?

तालुक्याच्या गावातले किराणा दुकान. संध्याकाळी सातची वेळ. काउंटरवर चार-पाच गिऱ्हाइके खोळंबलेली. एकाला साखर हवी, दुसऱ्याला उदबत्ती. तेवढ्यात सात-आठ वर्षांचा एक मुलगा दहाची नोट पुढे करून फरसाणाचे पाकीट मागतो. दुकानदार मागच्या फळीवर हात घालतो, हाताला लागेल ते पाकीट ओढतो आणि देतो. त्या पाकिटाची मुदत संपून तीन आठवडे झालेले असतात. दुकानदाराच्या ते ध्यानात नसते, मुलाला ती बारीक अक्षरे लागत नाहीत आणि घरी पाकीट रिकामे होऊन केरात जाईपर्यंत त्यावरची तारीख बघायला कुणाला सवड नसते.

असे पाकीट खाऊन बहुतेक वेळा काहीच होत नाही. या प्रश्नाचे खरे दुखणे तेच आहे. लग्नाच्या पंगतीत पन्नास जणांना जुलाब झाले तर बातमी होते, अन्नाचे नमुने तपासायला जातात. एका घरातल्या एका मुलाला उलट्या झाल्या तर त्याला सलाईन लागते आणि दुसऱ्या दिवशी ते घरी जाते. काय खाल्ले होते, या प्रश्नाला ‘नेहमीचेच’ एवढेच उत्तर येते. त्यामुळे मुदतबाह्य मालाचा उल्लेख सहसा केसपेपरवर होतच नाही. जे कागदावर येत नाही, त्याचा बंदोबस्तही होत नाही.

आधी तारखेचा अर्थ समजून घ्यायला हवा. पाकिटावर दोन प्रकारचे शब्द आढळतात. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या दिवसापर्यंत चव, वास, कुरकुरीतपणा उत्तम राहील. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ म्हणजे त्या दिवसानंतर पदार्थ विकू नये आणि खाऊ नये. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी पाकिटावर एक्स्पायरी किंवा यूज बाय तारीख सक्तीची केली. ‘बेस्ट बिफोर’ लिहिणे ऐच्छिक ठेवले. तारखेच्या दुसऱ्या दिवशी बिस्किटाचे विष होत नाही, हेही सांगायला हवे. दोन दिवस उलटलेले बिस्कीट खाल्ले म्हणून कुणी रात्री अपघात विभागात धावत येण्याचे कारण नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे. तारीख ही अटींसह दिलेली हमी असते. ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ ही ओळ त्या हमीचाच भाग आहे. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा पत्र्याखालच्या दुकानात ठेवलेल्या तेलकट पदार्थाला खवट व्हायला तारखेची वाट पाहावी लागत नाही. वीजबिल वाचवायला रात्री फ्रीज बंद केला, तर पनीर आणि दह्यावरची तारीख निव्वळ शाई उरते. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. त्यांपैकी काहींनी पदार्थात सोडलेले विष नंतर उकळूनही जात नाही. पोत्यातून काढून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलेल्या रवा-बेसनाची तर गोष्टच वेगळी. तारीख पोत्यावर राहते आणि पोते रद्दीत जाते.

धडधाकट माणूस यातले बरेच पचवतो. तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया, वृद्ध, मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि कर्करोगाचे उपचार घेणारे यांना ती सूट नसते. बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या डब्यावर लिहिलेली जीवनसत्त्वे त्या प्रमाणात मिळतील, याची हमी मुदतीपर्यंतचीच असते. दमट जागेत बुरशी धरलेल्या शेंगदाण्यात वा मक्यात अफ्लाटॉक्सिन तयार होते. ते यकृताला घातक असते आणि नेहमीच्या शिजवण्याने नष्ट होत नाही. म्हणूनच खराब पीठ ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून गाईपुढे टाकण्याची सवयही निरुपद्रवी नाही. त्या विषाचे रूपांतर गाईच्या दुधात उतरते आणि ते दूध पुन्हा घरच्याच पेल्यात येते.

मग दुकानदार हे सारे जाणूनबुजून करतो का? काही करतात, आणि त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण बहुसंख्य लहान दुकानदार वेगळ्याच पेचात असतात. एजन्सीचा सेल्समन महिनाअखेरीचे टार्गेट गाठायला येतो. ‘डझनावर एक फुकट’ म्हणून तीन डझन माल उतरवून जातो. गावात तो माल खपायला चार महिने लागतात, मुदत असते तीन महिन्यांची. उरलेला माल काही कंपन्या बदलून देतात, काही देत नाहीत, काही ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणतात. मोठे मॉल करारात परतीची अट घालू शकतात. कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या हातात एजन्सीवाल्याची मर्जी तेवढी असते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे, पण अर्धाच. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २७ नुसार मुदत संपलेला पदार्थ विकल्यास विक्रेता जबाबदार, आणि मुदत संपलेला पुरवल्यास वितरक जबाबदार. ते योग्यच आहे. पण मुदतीच्या आत पोहोचलेला आणि न खपलेला माल परत कुणी घ्यायचा, याचे उत्तर हे कलम देत नाही. शिक्षेचा धाक एकीकडे, तोट्याची भीती दुसरीकडे. तपासणी वर्षाकाठी कधीतरी होते, तोटा मात्र दर महिन्याला दिसतो. अशा वेळी मुदत संपलेली पाकिटे हळूच पुढच्या फळीवर येतात, ‘अर्ध्या किमतीत’ जातात किंवा तारखेवर बोट घासले जाते. केवळ सचोटीच्या भरवशावर चालणारी व्यवस्था सार्वजनिक आरोग्यासाठी पुरेशी नसते.

शेजारच्या औषधाच्या दुकानात डोकावले तर फरक दिसतो. औषध नियमावलीच्या नियम ६५ नुसार मुदत संपलेले औषध विकता येत नाही. ते कंपनीकडे परत जाईपर्यंत किंवा नष्ट होईपर्यंत ठेवायचे असेल, तर विक्रीच्या मालापासून वेगळे आणि वर ‘विक्रीसाठी नाही’ असे ठळक लिहिलेल्या खोक्यात ठेवावे लागते. तिथेही सगळे आलबेल आहे असे नाही. परतीच्या रकमेवरून कुरबुरी तिथेही होतात. पण ‘एक्स्पायरीचा माल’ नावाची एक जागा आणि त्याचा परतीचा रस्ता तरी ठरलेला आहे. किराणा दुकानात तोच माल चालू मालाच्या मांडीला मांडी लावून बसतो.

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने उत्पादक, पुन्हा पॅकिंग करणारे आणि आयातदार यांना मुदतबाह्य व नाकारलेल्या मालाचा तिमाही हिशेब देण्यास सांगितले. साखळीतून परत आलेल्या मालाचे पुढे काय केले, हेही त्यात यायचे आहे. पाऊल चांगले आहे. पण हा हिशेब परत आलेल्या मालाचा. जो माल परत आलाच नाही, खेड्यातल्या फळीवरून थेट पोटात गेला, तो कोणत्याही तक्त्यात नसतो. ऑनलाइन खरेदीबाबतही प्राधिकरणाने २०२४ मध्येच बजावले की ग्राहकाच्या हाती पडताना पदार्थाची किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस मुदत शिल्लक असावी. शहरातल्या ग्राहकाला घरपोच जे संरक्षण मिळते, ते दहा रुपयांची नोट घेऊन दुकानात येणाऱ्या मुलालाही मिळायला हवे.

त्यासाठी तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, न खपलेला माल मुदतीच्या पंधरा दिवस आधीपर्यंत परत घेण्याचे बंधन उत्पादकावर असावे. दुकानदार बेफिकीर होऊ नये म्हणून तोट्याचा काही वाटा त्याच्याकडे राहू द्यावा, पण सगळा नको. यामुळे किमती वाढतील, असे कंपन्या म्हणतील. मात्र परत येणाऱ्या मालाचा भार आपल्यावर आहे हे कळले, की खपणार नाही इतका माल गळ्यात मारण्याचा सोसही कमी होईल. दुसरी, तारीख ठळक आणि दिनांकाच्याच रूपात असावी. चकचकीत वेष्टनाच्या चुणीत छापलेली तारीख आणि ‘पॅकिंगपासून सहा महिने’ असली गणिते चाळिशी उलटलेल्या डोळ्यांना झेपत नाहीत. त्या डोळ्यांत दुकानदाराचेही डोळे आलेच. तिसरी, ‘विक्रीसाठी नाही’ लिहिलेले खोके प्रत्येक किराणा दुकानात सक्तीचे व्हावे.

कायदा बदलेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. बारा पानांची एक वही पुरते, एका महिन्याला एक पान. माल आला की ज्या महिन्यात त्याची मुदत संपते, त्या पानावर नाव आणि नग लिहायचे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चालू आणि पुढच्या महिन्याचे पान उघडायचे. नवा माल मागे, जुना पुढे. आणि ‘आधी आला तो आधी’ यापेक्षा ‘आधी संपणार तो आधी’ हा नियम पाळायचा, कारण उशिरा आलेल्या खोक्याची मुदतही कधी कधी आधी संपते. मुदत जवळ आलेला माल कमी किमतीत विकण्यात काही गैर नाही. मात्र तारीख गिऱ्हाइकाला तोंडाने सांगायला हवी. मुदत संपलेला माल टाकताना पाकीट कापून टाकावे, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या हाती विक्रीला लागणार नाही.

गिऱ्हाइकानेही पैसे देण्यापूर्वी पाकीट उलटून बघावे. तारीख गेलेली दिसली तर नुसते ‘दुसरे द्या’ म्हणून निघून जाऊ नये. ते पहिले पाकीट फळीवर परत जाताना दिसले, तर ‘हे बाजूला ठेवा’ असे म्हणायला संकोच नको. पुन्हा पुन्हा तसेच घडत असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार करता येते.

आपण नाकारलेले पाकीट नाहीसे होत नाही. ते तारीख न बघणाऱ्या पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहत फळीवर बसून राहते. आणि पुढचे गिऱ्हाईक बऱ्याचदा सात-आठ वर्षांचे असते.